नकाशा दारापासून काढा

मुंबईत रीगल सिनेमाच्या चौकात, वस्तुसंग्रहालयाच्या समोर एक जुनी दगडी इमारत आहे. टोकदार कमानी, लांब व्हरांडे आणि दर्शनी त्रिकोणी भिंतीवर समुद्रदेव नेपच्यूनचं शिल्प. आज तिथे राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे. रोज हजारो माणसं तिच्यासमोरून जातात, पण महाराष्ट्राचं विधिमंडळ इथे भरत होतं हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. १९२८ साली सरकारने ही वास्तू विधिमंडळासाठी घेतली आणि १९८१ मध्ये नरिमन पॉइंटचं विधान भवन उभं राहीपर्यंत मुंबईतली अधिवेशनं इथेच झाली.

नेपच्यून तिथे असण्याचं कारण साधं आहे. ही इमारत बांधली गेली खलाशांसाठी. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे तिचं मूळ नाव. १८७० साली पायाभरणी झाली, १८७६ मध्ये ती पूर्ण झाली आणि बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तिला मोठी देणगी दिली. वास्तुविशारद होते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि त्याच्या समोरची महापालिकेची इमारत, या दोन्ही त्यांच्याच. बंदरावर उतरलेल्या गोऱ्या खलाशाला चार दिवस टेकायला जागा मिळावी म्हणून उभारलेल्या घरात पुढे आपल्या प्रांताचे कायदे होऊ लागले.

मागे पाहिलं तर आपलं विधिमंडळ बराच काळ अशा उसन्या घरांतच राहिलं आहे. १८६१च्या कायद्यानंतर मुंबईच्या गव्हर्नरचं कायदेमंडळ २२ जानेवारी १८६२ रोजी पहिल्यांदा बसलं ते टाउन हॉलमध्ये. तीस पायऱ्यांची ती इमारत आपण आज एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची म्हणून ओळखतो. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्याला जात, तेव्हा मंडळ पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरे. १९३५च्या कायद्याने निवडून आलेली विधानसभा १९ जुलै १९३७ रोजी पहिल्यांदा जमली तीही पुण्यातच, गणेश वासुदेव मावळंकर तिचे अध्यक्ष झाले आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, ज्यांना तेव्हा प्रधानमंत्री म्हणत. नागपूरचं विधान भवनही आपण बांधलेलं नाही. ते मध्य प्रांताच्या विधिमंडळाचं.

या उसन्या घरांत झालेली कामं मात्र आपली होती. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या झाल्या, निदान कागदावर. तो कागद प्रत्यक्षात उतरवायला १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. याच बाबासाहेबांनी १९३७ साली खोती पद्धत, म्हणजे कोकणातली वतनी जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक विधानसभेत मांडलं. आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी घेऊन ते आणि त्यांचे सहकारी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले, खेरांना भेटले, मागण्या समोर ठेवल्या. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा, दोन्ही एकाच माणसाचे. सभागृह आणि रस्ता यांचं नातं इतक्या स्पष्टपणे महाराष्ट्रात क्वचितच दिसलं असेल.

माझा मुद्दा याच नात्याचा आहे. मंत्रालय आणि आसपासच्या परिसराच्या पुनर्विकासाची चर्चा गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा होते आहे. एअर इंडियाची नरिमन पॉइंटवरची इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय केला, कारण कार्यालयांना जागा पुरत नाही. उद्या मतदारसंघांची फेररचना होऊन आमदारांची संख्या २८८ च्या पुढे गेली की सभागृहही पुरणार नाही. म्हणजे नव्या इमारतीचे नकाशे आज ना उद्या निघणारच. तेव्हा किती मजले, किती दालनं, किती मोटारींची सोय, यावर खल होईल. माझं म्हणणं आहे की तो नकाशा प्रवेशद्वारापासून काढायला घ्यावा. सामान्य माणूस या इमारतीत कुठून येतो, कुठे थांबतो, कुणाला भेटतो, काय पाहतो, हे आधी ठरावं. सभागृहाचा घुमट नंतर.

यावर कुणी म्हणेल की इमारतीच्या नकाशाने लोकशाही सुधारत नाही. नकाशाने लोकशाही बिघडते, हे मात्र आपण पाहिलेलं आहे.

मंत्रालयाचंच घ्या. १९५५ साली बांधलेलं ते सचिवालय, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना त्याचं मंत्रालय झालं. त्याआधीचं जुनं सचिवालय ओव्हल मैदानासमोर आहे. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी आखलेली, १८७४ मध्ये पूर्ण झालेली ती लांबलचक व्हेनेशियन गॉथिक वास्तू, आज तिथे शहर दिवाणी न्यायालय आहे. साहेबाच्या काळातल्या त्या इमारतीला रस्त्याच्या बाजूने मोकळे व्हरांडे होते. १९५५ची इमारत त्या काळाच्या रीतीने सरळ, बिनसजावटीची, कामापुरती बांधली गेली, आणि तसं बांधण्यात काही चूक नव्हती. चूक झाली ती नंतर. खातं वाढलं की खोली पाडायची, खोली पाडली की व्हरांडा बंद करायचा, बंद व्हरांड्यात कपाटं, कपाटांवर फायलींचे गठ्ठे. २१ जून २०१२ रोजी चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले जळून गेले. पाच माणसं गेली.

त्यानंतर साडेपाच वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, धुळे जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकल्यावर मंत्रालयातच विष घेतलं. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात एका माणसाने वरच्या मजल्यावरून उडी मारली. मग सरकारने इमारतीच्या मधल्या मोकळ्या चौकावर, पहिल्या मजल्याच्या पातळीला, जाळी बांधली.

त्या जाळीविषयी मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण गेल्या पन्नास वर्षांत या राज्याच्या सत्तेच्या इमारतीत झालेला सर्वांत बोलका वास्तुबदल तो आहे. मधला चौक ही आपल्या वाड्यांची जुनी रीत. चारही बाजूंच्या सोप्यांतून माणसं एकमेकांना दिसावीत, वारा यावा, उजेड यावा, यासाठी तो असतो. मंत्रालयात त्याच चौकावर माणूस पडला तर झेलायला जाळी आली. जीव वाचवण्यासाठी ती हवी होती, ती लावली याबद्दल तक्रार नाही. पण वरच्या मजल्यापर्यंत पोचलेला माणूस तिथून खाली का बघतो, या प्रश्नाला तिने उत्तर दिलेलं नाही. पुढे ती जाळी आंदोलनाचं साधन झाली. आपलं ऐकून घेतलं जात नाही असं वाटणारे गट तिच्यावर उड्या मारू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवळ आणि काही आदिवासी आमदारांनी त्याच जाळीवर उडी घेतली. ज्या माणसाला सभागृहात अध्यक्षांच्या आसनावर बसण्याचा अधिकार होता, त्यालाही म्हणणं पोचवायला जाळी गाठावी लागली. ऐकून घेण्याची जागा इमारतीत नसली की माणसं जी जागा असेल ती वापरतात.

विधान भवनाची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते अधिक खोल. १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ज्या टोकावर ते उभं आहे त्याचं नाव नरिमन पॉइंट. खुर्शेद फ्रामजी नरिमन हे विसाच्या दशकात मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. त्या वेळी बॅकबेचा समुद्र भरून काढण्याची योजना सरकारच्या अंगाशी आली होती. खर्च फुगत चालला होता आणि भराव वाहून जात होता. नरिमन यांनी त्यातला गैरकारभार उघडा पाडला. हार्वे नावाच्या इंग्रज अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. एका लोकप्रतिनिधीने ज्या भरावाचा हिशेब सरकारला विचारला, त्याच भराव योजनेच्या जमिनीवर, त्याच्याच नावाच्या टोकावर आपलं विधिमंडळ बसतं. जगातल्या किती विधिमंडळांना असा पत्ता लाभला असेल? या गोष्टीचा मोठा, ठळक, वाचता येईल असा फलक विधान भवनाच्या दारात असायला हवा. शाळेच्या सहलीतल्या मुलांना तिथे उभं करून ती सांगायला हवी.

पण या पत्त्याला दुसरी बाजूही आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून एक कल्पना मांडली. मुंबई दक्षिणेकडे कोंबत नेऊ नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा. त्यांच्या मांडणीतली कळीची गोष्ट अशी की राज्याचं सरकारच पलीकडे न्यावं, म्हणजे बाकीचं शहर आपोआप मागे येईल. सरकारने कल्पना स्वीकारली, १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं. स्वतः मात्र सरकार हललं नाही. त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला भराव टाकून उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि विधान भवनही तिथेच बांधलं गेलं. वाशीला रेल्वे पोचायला १९९२ उजाडलं.

आता सरकार नवी मुंबईत हलवा, असं म्हणणं व्यवहार्य राहिलेलं नाही आणि मी ते म्हणतही नाही. मला बोचतं ते इतकंच, की जागा ठरवताना हिंगोलीहून, गडचिरोलीहून, सिंधुदुर्गातून येणाऱ्या माणसाचा रस्ता कुणी मोजला नाही. रात्रभराचा प्रवास करून तो सकाळी मुंबईत उतरतो, पिशवीत सात-बारा, अर्जाच्या झेरॉक्स, पोच घेतलेली जुनी पत्रं. शहराच्या अगदी टोकापर्यंत त्याला जायचं असतं. पास दुपारनंतर. काम झालं नाही तर मुक्काम कुठे? आमदार निवासात कुणाच्या तरी खोलीत, सतरंजीवर. आमदार निवासातल्या त्या भरलेल्या खोल्यांची थट्टा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की राज्याच्या राजधानीत खेड्यातल्या माणसाला हक्काने टेकायला मिळणारी तेवढीच एक जागा आहे.

नागपूरकडे या दृष्टीने पाहिलं पाहिजे. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला की सरकार दर वर्षी ठरावीक काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे होईल. तो शब्द डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनाने पाळला जातो, अनेकदा जेमतेम दोन आठवड्यांत उरकून. तरी मला नागपूरचं अधिवेशन महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे सभागृह माणसांच्या जवळ जातं. मोर्चे निघतात, पोलीस त्यांना अडवतात त्या जागेपर्यंत मंत्री येऊन निवेदन घेतो, अशी तिथली अपेक्षा असते. ही अपेक्षा मोडते तेव्हा काय होतं तेही नागपूरनेच दाखवलं. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या जमातीच्या सवलतींसाठी आलेला गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनाजवळ अडवून ठेवला होता. दिवसभर कुणी भेटायला आलं नाही. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली, त्यात बायका आणि मुलं फार होती. झीरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. विधान भवनाकडे येणाऱ्या हजारो माणसांना थांबायला, पसरायला, मागे फिरायला जागाच आखलेली नसणं हा नगररचनेचा दोष आहे. त्या दोषाने माणसं मारली. पोलिसांच्या आणि मंत्र्यांच्या चुकीइतकीच ही चूक आपण मोजली पाहिजे.

तसं मुंबईतही रक्त सांडलेलं आहेच. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेले लोक कौन्सिल हॉलकडे जात होते, फ्लोरा फाउंटनला त्यांच्यावर गोळीबार झाला आणि पंधरा जण गेले. आजचा हुतात्मा चौक तो. हे राज्यच मुळात विधिमंडळाच्या वाटेवर अडवलेल्या माणसांनी मिळवलेलं आहे. पण नंतरच्या काळात मोर्च्याची वाट आखडत आखडत आझाद मैदानात येऊन थांबली. फोर्टातला तो चौक ते कौन्सिल हॉल हे अंतर हाकेचं होतं. आझाद मैदान ते विधान भवन हे अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे, आणि कितीही जोरात घोषणा दिल्या तरी त्या आत बसलेल्याला ऐकू जात नाहीत.

शेजारी काय झालं पाहा. बंगळूरचं विधान सौध केंगल हनुमंतय्या यांनी हट्टाने बांधलं. १९५१ साली नेहरूंनी पायाभरणी केली, १९५६ मध्ये इमारत पूर्ण झाली, तोवर हनुमंतय्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं होतं आणि खर्चावरून टीकाही झाली होती. ग्रॅनाइटचं ते भव्य काम, द्राविडी खांब, रुंद पायऱ्या आणि दर्शनी भागावर कोरलेलं 'सरकारचं काम हे देवाचं काम'. मला हे वाक्य पटत नाही. सरकारचं काम माणसांचं आहे, देवाचं म्हटलं की प्रश्न विचारणारा भाविक होतो. पण त्या पायऱ्या पटतात, कारण त्या रस्त्याकडे तोंड करून उतरतात. इमारती दावाही सांगतात. बेळगावला २०१२ साली कर्नाटकाने सुवर्ण विधान सौध उभारलं ते तिथल्या मराठी माणसाला उद्देशून दगडात लिहिलेलं वाक्य आहे, आणि त्याचा अर्थ सीमाभागात सगळ्यांना बरोबर कळला.

भोपाळचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. मध्य प्रदेशचं विधान भवन चार्ल्स कोरियांनी केलं, नव्वदच्या दशकात ते पूर्ण झालं, १९९८ मध्ये त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. गोल भिंतीच्या आत नऊ भाग, मध्ये मोकळे चौक, विधानसभेच्या सभागृहावर सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा घुमट. आमदार, मानकरी आणि सामान्य लोक यांची दारं आणि वाटा वेगळ्या, म्हणजे सुरक्षेची अडचण नकाशातच सोडवलेली, तरी आत आलेल्या कुणालाही आपण मागच्या दाराने आलो असं वाटू नये याची काळजी घेतलेली. मुंबईत राहणारा, मुंबईचा विचार करणारा हा वास्तुविशारद. त्याच्याकडून विधान भवन करून घेतलं ते भोपाळने. परदेशातलं एकच सांगतो. बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, १९९९ मध्ये नॉर्मन फॉस्टर यांनी काचेचा घुमट बसवला. त्यात सामान्य माणूस चढून जातो आणि त्याच्या पायाखाली, काचेपलीकडे, त्याचे प्रतिनिधी बसलेले असतात.

सुरक्षेचा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलक्याने घेत नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. २००८ च्या हल्ल्यात नरिमन पॉइंटवरचंच ट्रायडेंट-ओबेरॉय हॉटेल होतं. १३ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून दोन तरुणांनी सभागृहात उड्या मारल्या. पण दर वेळी आपला उपाय एकच असतो, दार आणखी अरुंद करणं. जुलै २०२५ मध्ये विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या कार्यकर्त्यांची हाणामारी झाली, आणि त्यानंतर अधिवेशनकाळात अभ्यागतांना प्रवेश बंद करण्याचं जाहीर झालं. मारामारी केली आमदारांसोबत आलेल्यांनी, दार बंद झालं सगळ्यांसाठी. मंत्रालयात चेहरा ओळखणारी यंत्रं बसली. यंत्रं असू देत. तपासणी कडक असू दे. विमानतळावर रोज लाखो माणसं तपासून आत सोडली जातातच, कारण ती इमारत मुळात माणसं आत घेण्यासाठी आखलेली असते. विधान भवनाचा नकाशा तसाच आखला तर सुरक्षा आणि प्रवेश यांत भांडण राहणार नाही.

म्हणून नव्या कामाचा कागद निघण्याआधी काही गोष्टी लेखी ठरलेल्या हव्यात. प्रेक्षक गॅलरीतल्या ठरावीक जागा आमदाराच्या शिफारशीविना, सोडतीने, कुठल्याही नागरिकाला मिळाव्यात. निवेदन घेण्याची एक मोठी खोली दारालगत असावी, आणि अधिवेशनात रोज ठरलेल्या वेळी एक मंत्री तिथे बसलेला असावा. बाहेर सावली, पाणी आणि स्वच्छतागृहं असलेलं प्रांगण असावं, जिथे मोर्चा सभागृहाच्या नजरेच्या टप्प्यात थांबेल. हीच आखणी नागपूरलाही लागू व्हावी, कदाचित आधी तिथेच. वास्तुविशारद नेमण्यापूर्वी या अटींचा मसुदा मराठीत प्रसिद्ध व्हावा, त्यावर हरकती मागवाव्यात, आणि स्पर्धा खुली असावी. रीगलसमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलचं काय करायचं हेही त्यातच ठरावं. ते पोलिसांकडेच राहिलं तरी तिथल्या सभागृहाचा इतिहास लोकांना आत जाऊन पाहता आला पाहिजे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, बहुतेक आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. सकाळी रस्ते अडून मुलांची गैरसोय होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालले आणि १२ मार्चला पहाटे आझाद मैदानात पोचले. निघताना विधान भवनाला घेराव घालण्याचा त्यांचा निर्धार होता. प्रत्यक्षात त्यांचं शिष्टमंडळ विधान भवनात गेलं, बोलणी झाली, लेखी आश्वासन मिळालं. बाकीचे फुटलेल्या टाचा घेऊन मैदानातच बसून होते, आणि आतल्या बोलण्यातलं त्यांना काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. नव्या विधान भवनाच्या नकाशात या माणसांना उभं राहायला किती चौरस मीटर जागा ठेवली आहे, हा आकडा मला पहिल्या पानावर छापलेला हवा आहे.